लोखंडी खिडकीचा रंग का टिकत नाही

(ग्रामसंघ कार्यालयाच्या खिडक्या रंगवण्याचा विषय मासिक सभेत निघाला, तेव्हा रंगकाम करणाऱ्या आपल्या एका ताईंनी माहिती दिली. ती त्यांच्याच बोलीत, थोडी आवरून छापत आहोत.)



विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, 'कार्यालयाच्या खिडक्यांना रंग देणे'. ऐकायला साधा वाटतो. डबा आणायचा, ब्रश आणायचा, 26 जानेवारीच्या आत उरकून टाकायचं. पण जरा आठवून बघा. याच खिडक्यांना मागच्या वेळी रंग दिला, तेव्हा झेंडावंदनाला कशा चकाचक दिसत होत्या! एक पावसाळा गेला आणि खालच्या कोपऱ्यांत फोड आले. फोडाला नख लावलं की आतून तांबडी भुकटी. तोवर बिल कधीच दिलेलं होतं.

आपण लगेच म्हणतो, रंग हलका वापरला. बहुतेक वेळा रंग बरा असतो, तो कशावर मारला यात गोम असते. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून तो रंगाला खालून ढकलतो, चौकटीजवळचा गिलावा फोडतो आणि काचेची खिडकी असेल तर तावदानालाही तडा पाडतो. पोरांनी दगड मारला नाही, काही नाही, तरी काच कोपऱ्यातून तडकली, तर चौकटीच्या खाचेत गंज वाढलाय का ते आधी बघा. अशा गंजावर कितीही भारीतला रंग मारा, तो त्या भुकटीला चिकटतो, लोखंडाला नाही. भुकटी सुटली की रंगही सुटला.

म्हणून माझा हिशेब असा, की खिडकीच्या कामात चार भागांपैकी तीन भाग वेळ घासण्यात गेला पाहिजे. ठेकेदाराला नेमका तोच भाग परवडत नाही, कारण रंग लागल्यावर घासलंय की नाही ते दिसत नाही. आपण सहा जणी मिळून हे काम करू शकतो. आणि बाहेर द्यायचं ठरलं तर निदान काय बघायचं ते तरी कळायला हवं. म्हणून सगळं सांगते.

आधी एक पेचकस घ्या आणि खिडकीचा खालचा आडवा अँगल टोचत जा. टणक लागला तर वरवरचा गंज आहे. पापुद्रे सुटले आणि खाली चांगलं लोखंड लागलं तरी चालेल. पण पेचकस आरपार गेला, तर तिथे रंगाचं काम नाही, वेल्डरचं आहे. तुकडा कापून नवा बसवायचा. तेही रंगाच्या आधी, नाहीतर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नवा रंग जळतो आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. बारीक भोक असेल, भार येत नसेल, तर एम-सील चालतं. बिजागरीपाशी किंवा गजाच्या बुडाशी मात्र एम-सीलवर भागवू नका. तिथे चोर जोर लावतो आणि पोरंही लोंबकळतात.

आता घासण्याचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण यात आपल्या पोरांचा प्रश्न आहे.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. शिशामुळे रंग लवकर वाळायचा, उठून दिसायचा आणि टिकायचाही, म्हणून कंपन्या ते घालायच्या. आपल्या देशात घरगुती रंगांसाठी शिशाचा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. दहा लाख भागांत शिसं 90 भागांपेक्षा जास्त नको, आणि तसं डब्यावर लिहिलेलं पाहिजे. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या खिडकीत शिसं आहे असं धरूनच चालायचं. शाळा, अंगणवाडी, जुनं घरकुल, सगळीकडे.

शेंदूर तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. खरा शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी. पूर्वी तो जवसाच्या तेलात कालवून लोखंडाला पहिला हात म्हणून द्यायचे. खूप जुनी खिडकी खरवडताना सगळ्यात खाली भगवा-नारिंगी थर लागला, तर तो शेंदराचा असू शकतो. तिथे जास्तच सांभाळायचं. विटकरी, तपकिरी थर असेल तर तो बहुधा रेड ऑक्साईड.

भिंतीवर गप बसलेलं शिसं फारसं काही करत नाही. आपण कोरडं खरवडतो, तारेच्या ब्रशने घासतो, तेव्हा त्याची धूळ होते. ती धूळ जमिनीवर बसते. रांगणारं लेकरू तळहाताने ती पुसतं आणि हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, शिकण्यात मूल मागे पडतं, आणि बाहेरून काही दिसतही नाही. इतकं चालतं, असं शिशाचं मुलांसाठी प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर बाईच्या अंगात गेलं तर ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. म्हणून घासण्याच्या दिवशी गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई कामावर नको. हा काही मानापमानाचा विषय नाही. तिला हजेरी लिहायला बसवा, दुसऱ्या दिवशी लांबी मळायला घ्या. आणि अंगणवाडीच्या खिडक्या सुट्टीतच करायच्या, 'पोरं पलीकडच्या खोलीत बसतील' असं नाही.

मग घासायचं कसं? ओलं. फवारणीच्या बाटलीने रंगावर पाणी मारायचं, पत्रीने खरवडायचं, पुन्हा पाणी मारायचं. ओल्या रंगाचे तुकडे पडतात, धूळ उडत नाही. खिडकीखाली आत आणि बाहेर प्लास्टिकचा कागद पसरा, निदान 4 फूट रुंद. तोंडाला पदर बांधून भागत नाही, बारीक धूळ पदरातून आरपार जाते. एन-95 मास्क लावा. तवा पेटवून किंवा ब्लो लॅम्पने रंग जाळून काढायची एक पद्धत आहे, झटपट होतं म्हणून काही जण करतात. ते बिलकुल करू नका. त्या धुरात शिसं असतं.

निघालेले तुकडे त्याच कागदात गुंडाळून, दुहेरी पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि ग्रामपंचायतीच्या घातक कचऱ्यात द्या. चुलीत नको, उकिरड्यावर नको, शेणखतात तर नकोच नको. गोठ्याच्या बाजूलाही टाकू नका. शिशाचा रंग चवीला गोडसर लागतो, जनावरं तो चाटतात. जुना रंग चाटून गुरं दगावतात. काम झाल्यावर फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने दोनदा पुसायची. जेवायच्या आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. कामाचं लुगडं, गाऊन जे असेल ते घरच्या कपड्यांत न घालता वेगळं धुवायचं.

रंग ओला खरवडून झाला की जिथे लोखंड उघडं पडलंय तिथे तारेचा ब्रश आणि मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. गंज लोखंडाच्या खड्ड्यांत लपलेला असतो, तिथे पेपर दुमडून टोक घालायचं. करडं लोखंड दिसलं की थांबा. शेजारचा जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा काढायची गरज नाही. त्याची कड फक्त उतरती करून घ्या, म्हणजे नवा रंग लावल्यावर पायरी दिसणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला फोडणीचा चिकटा असतो, ती घासायच्या आधी धुण्याच्या सोड्याने धुवून काढा, नाहीतर पेपर चिकट्याने भरतो. कोकणातल्या मैत्रिणींनी, समुद्र जवळ असेल तर, गोड्या पाण्याने धुणं सोडूच नये. लोखंडावरचं मीठ रंगाखाली राहिलं की ते ओल ओढून घेतं.

सगळं झालं की कोरडं फडकं, मग टर्पेंटाइनचं फडकं. आणि त्याच दिवशी प्रायमर. घासलेलं लोखंड एक रात्रही उघडं ठेवायचं नाही. पहाटेचं दंव पडलं की सकाळी तांबूस झाक आलीच समजा. म्हणून एका दिवसात जेवढ्या खिडक्यांना प्रायमर लागेल तेवढ्याच घासायला घ्या. सहाच्या सहा घासून संध्याकाळी दमून घरी गेलो, असं नको.

प्रायमर म्हणजे रेड ऑक्साईड. तो डब्याच्या तळाशी दगडासारखा बसतो. काठीने तळापासून ढवळा, चांगली पाच मिनिटं. नाहीतर वरचं तेलच लागतं आणि कामाचा माल तळाशी राहतो. आधी अर्ध्या इंची ब्रशने फक्त कडा, कोपरे, वेल्डिंगचे सांधे आणि खालचा अँगल रंगवून घ्या. ओला रंग टोकदार कडेवरून मागे सरकतो, तिथे थर पातळ राहतो आणि गंज पहिला तिथेच येतो. कडा वाळल्या की मग सगळ्या खिडकीला एक हात. खालच्या अँगलला दोन झाले तर उत्तम.

प्रायमर रात्रभर वाळला की लांबी. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून करतात तीच. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट, हाताला न चिकटणारी. खड्ड्यांत पत्रीने दाबून भरायची. तावदानाची जुनी लांबी तडकून पडली असेल, वाऱ्याने काचा खडखडत असतील, तर ती सगळी काढा, खाच घासा, खाचेला प्रायमर लावा आणि मग नवी भरा. पत्री पाण्यात बुडवून एकाच ओढीत उतार द्या, म्हणजे पाणी काचेवरून बाहेर घसरेल. लाकूड लांबीतलं तेल पितं, लोखंड पीत नाही. म्हणून लोखंडी खिडकीची लांबी वाळायला वेळ घेते, आठवडाभर तरी तिला हात लावू नका. रंग मारताना लांबीवरून काचेवर अगदी सुतभर येऊ द्या, म्हणजे लांबी आणि काच यांच्या फटीत पाणी जात नाही. आणखी एक सांगते, जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. असा गठ्ठा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. उन्हात सुटे पसरून वाळवा, मग टाका.

आता फटी बुजवण्याचं. खिडकीखालच्या भिंतीला आतून ओल येते, पोपडे सुटतात, तेव्हा पाणी कुठून येतं ते आधी शोधा. एकीने आत उभं राहायचं, दुसरीने बाहेरून तांब्याने पाणी ओतायचं. सुरुवात खालच्या फटीपासून, मग बाजू, शेवटी वरची फट. वरून सुरू केलं तर पाणी खाली ओघळतं आणि कोणती फट गळते तेच कळत नाही. खिडकीखालच्या कडप्प्याचा उतारही बघा. तो आतल्या बाजूला असेल तर फट कितीही बुजवा, पाणी साचणारच. तिथे सिमेंटने बाहेरचा उतार करून घ्यावा लागेल.

चौकट आणि भिंतीच्या मधली फट आपले गवंडी पांढऱ्या सिमेंटने भरतात. दिसायला छान दिसतं, एका उन्हाळ्यात केसासारखी भेग पडते. लोखंड उन्हात वाढतं, रात्री आकसतं. सिमेंटला ते हलणं झेपत नाही. फट बोटभर मोठी असेल तर आत सिमेंटचा माल भरा, पण बाहेरचं शेवटचं तोंड लवचिक मालाने बंद करा. दुकानात नळीत मिळतो तो सीलंट.

तिथे नुसतं 'सिलिकॉन द्या' म्हणू नका. सिलिकॉनवर रंग बसत नाही, घसरून जातो. रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक सीलंट घ्या. तो प्रायमरनंतर आणि रंगाच्या आधी भरायचा, आणि पहिला दिवसभर त्यावर पाऊस लागू द्यायचा नाही. पावसाचा मारा थेट बसत असेल तर सिलिकॉन बरं, पण ते सगळा रंग झाल्यावर, शेवटी. त्यातही ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते लोखंडाला आणि सिमेंटला लावू नका. त्यातलं आम्ल लोखंड खातं, आणि सिमेंटला ते नीट धरतही नाही. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा.

सफाई येते ती चिकटपट्टीने. मास्किंग टेप फटीच्या दोन्ही बाजूंना सरळ लावा. नळीचं तोंड तिरकं कापा, फटीएवढंच. गन एका चालीने ओढत न्या, मधे थांबलात की गोळा होतो. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवा. दोनदा-तीनदा फिरवाल तर माल बाहेर येतो. वर साय धरायच्या आत टेप काढा. वाळल्यावर काढली तर कडा फाटतात. आणि फट कोरडी असल्याशिवाय काहीच भरू नका. ओल आत कोंडली तर चौकट भिंतीच्या बाजूने गंजते, आपल्याला दिसतही नाही. काही चौकटींना खालच्या पट्टीत पाणी जायला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ती गळती समजून बुजवू नका.

रंगाचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना येतं. पातळ दोन हात, जाड एक नाही. दुपारच्या तापल्या लोखंडावर मारू नका, फोड येतात. सकाळी दंव उडाल्यावर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबा. रंगात रॉकेल मिसळू नका, चमक जाते. बिजागरीच्या खिळ्यावर रंग जाऊ देऊ नका, तिथे तेलाचा थेंब. रात्री पल्ले घट्ट लावून घेऊ नका, दोरीने थोडे उघडे बांधून ठेवा, नाहीतर सकाळी चिकटलेले असतात आणि ओढले की रंगासकट निघतात. चोराची भीती असेल तर आळीपाळीने दोघी झोपायला या, पण पल्ला बंद नको.

आता ठरावात काय लिहायचं ते. आपल्या 6 खिडक्या, 4 बाय 3 फुटांच्या. पत्र्याचे पल्ले दोन्ही बाजूंनी धरले तर एकीचे 24 चौरस फूट, सहांचे 144. गज आणि चौकट धरून 200 धरा. एक लिटर ऑइल पेंट एका हाताला साधारण 100 चौरस फूट जातो. म्हणजे दोन हातांना 4 लिटर. प्रायमर एका हाताला 2 लिटर, कडांसाठी थोडा वर. कोणी 10 लिटरचं बिल दाखवलं तर उरलेला डबा कुठे आहे, हे कोषाध्यक्षताईंनी विचारायचं. सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त मिळतो तो घ्यायचा नाही, शिशाचं प्रमाण लिहिलेला बंद डबाच घ्यायचा. पावती ग्रामसंघाच्या नावाने.

काम बाहेर दिलं तर दरपत्रकात नुसतं 'खिडक्या रंगवणे' असं नको. घासणं, प्रायमरचा एक हात, लांबी, रंगाचे दोन हात, फटींना सीलंट, असं वेगवेगळं लिहून घ्या. आणि घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, आपल्या दोघींनी जाऊन बघायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचा, हे त्यातच घाला. तो फोटो नसेल तर दुसरा हप्ता नाही. मी स्वतः काम घेते तेव्हाही हा फोटो मीच काढून देते. त्यामुळे माझ्या दराबद्दल घासाघीस कमी होते, हा फायदा आहेच. शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवता आला तर ठेवा. सगळे ठेकेदार तयार होणार नाहीत, पण विचारायला काय हरकत आहे?

आपण स्वतः करणार असू तर सहा जणींना साधारण आठवडा लागेल, रोज अर्धा दिवस. पाऊस संपल्यापासून होळीपर्यंतचे दिवस चांगले. मजुरी समूहाच्या खात्यातून द्यायची की श्रमदान, ते आज ठरवा. माझं मत विचाराल तर मजुरी द्यावी, कारण पुढे अंगणवाडीचं किंवा शाळेचं काम निघालं तर आपला दर तोच धरला जाईल.

उरलेल्या सीलंटच्या नळीच्या तोंडात एक लांब खिळा घालून ठेवा. खिळा ओढला की वाळलेलं टोक त्याच्याबरोबर बाहेर येतं आणि नळी पुन्हा चालते. वर्षातून एकदा, पहिल्या पावसानंतर, खालचे कोपरे बघत जा. टाचणीएवढा गंज दिसला तर तिथेच पेपर, प्रायमरचा ठिपका, रंगाचा ठिपका. त्यासाठी दोन्ही डब्यांत पावपाव लिटर राखून ठेवा आणि झाकण ठोकून घट्ट बसवा.